परदेशी खटल्याची साक्ष, मुक्काम सावदा

अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर मागे पडलं की खानदेश लागतो. मी निघालो संभाजीनगरहून, कारण परदेशी दाव्यासाठी खानदेशातल्या माणसाची साक्ष नोंदवायची, तर न्यायालयातली पहिली पायरी तिथेच आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाकडे येतात. अमेरिकेतल्या दिवाणी दाव्यात केळीच्या कंटेनरबद्दल जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या माणसाची साक्ष हवी असली की तिकडचे वकील आधी विमानाची तिकिटं काढतात आणि मग तारीख विचारतात. तारीख सगळ्यात शेवटी ठरते, हे त्यांना पहिल्याच पत्रात सांगावं.

आधी कागद. एका देशाच्या दाव्यासाठी दुसऱ्या देशात साक्ष घेण्याबद्दलच्या 1970 च्या हेग साक्ष-करारात भारत 2007 साली सामील झाला. परदेशी न्यायालयाचं विनंतीपत्र दिल्लीच्या विधी व न्याय मंत्रालयाकडे येतं आणि तिथून उच्च न्यायालयाकडे. ते इंग्रजीत हवं, नाहीतर सोबत इंग्रजी भाषांतर हवं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 78 आणि आदेश 26 चे नियम 19 ते 22 इथे लागू होतात. दावा दिवाणी आहे, परदेशी न्यायालयाला साक्ष हवी आहे आणि साक्षीदार आपल्या हद्दीत राहतो, एवढी उच्च न्यायालयाची खात्री पटली की कमिशन, म्हणजे साक्ष नोंदवण्याचं अधिकारपत्र, निघतं. जळगाव जिल्ह्यातल्या साक्षीदारासाठी ते स्थानिक न्यायालयाकडेच जातं. ‘मुंबईच्या वकिलातीत उरकू’ हा सल्ला इथे चालत नाही. वकिलातीत साक्ष घेण्याबद्दलचा कराराचा भाग भारताने जवळजवळ पूर्ण नाकारला आहे. वकिलातीतला अधिकारी फक्त स्वतःच्या देशाच्या नागरिकाची साक्ष घेऊ शकतो.

विनंतीपत्रातली सगळ्यात महाग चूक एका ओळीची असते. आपल्याकडे साक्ष बहुधा न्यायाधीश सांगतात तशी सलग निवेदनात उतरते. अमेरिकन वकिलांना प्रश्न आणि उत्तर शब्दशः लागतं. कराराच्या कलम 9 खाली तशी खास पद्धत आणि व्हिडिओ चित्रण मागता येतं, पण ते मुळात विनंतीपत्रातच मागितलेलं असावं. साक्षीच्या दिवशी तोंडी विनंती करून भागत नाही.

जळगावात दुपारी पोहोचलो तेव्हा रस्ते ओस होते. मे महिन्यात इथे पारा 45 च्या आसपास असतो आणि न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते, म्हणून मे सोडून द्यावा. जागा बघायला मात्र आधीच यावं. प्लगची सॉकेट मोजावीत, पंख्याचा आवाज माइकमध्ये किती येतो ते रेकॉर्ड करून ऐकावं, इन्व्हर्टर किती तास टिकतो ते चालवून बघावं.

वेळेचं गणित कागदावर मांडावं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, आपलं कधीच नाही. इथे सकाळी 11 वाजता कामकाज सुरू होतं तेव्हा तिकडे मध्यरात्रीनंतरचा दीड किंवा साडेबारा. अमेरिकन नियमात साक्षीला जास्तीत जास्त एक दिवस, सात तास. दुभाष्या मध्ये आला की प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. एका साक्षीदाराला निदान दोन पूर्ण दिवस धरावेत.

दुसऱ्या दिवशी भुसावळहून तापी ओलांडून फैजपूरमार्गे सावद्याला. उत्तरेला सातपुडा, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. इथे पत्त्याची काळजी फार घ्यावी लागते. एका गावात एकाच नावाचे तीन-चार चौधरी किंवा महाजन सहज निघतात, आणि समन्स भलत्याच दारात जाऊन परत येतं. वडिलांचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि शेतीचा गट नंबर एवढं विनंतीपत्रात असलंच पाहिजे.

दुभाष्याची निवड मला सगळ्यात जोखमीची वाटते. रावेर-यावल भागात लेवा बोली, धुळ्याकडे अहिराणी. पुण्या-मुंबईचा प्रमाण मराठीवाला दुभाष्या इथे अडखळतो. साक्षीदार ‘कांदेबागेचा माल’ म्हणतो. कांद्याशी त्याचा संबंध नाही, ती ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी. जून-जुलैची लागवड ती मृगबाग. चुकीचं भाषांतर नोंदलं गेलं, तर माल कधीचा हा दाव्यातला मुख्य मुद्दाच हातचा जातो. घड, फणी, करपा, कांदेबाग, मृगबाग अशी पन्नासेक शब्दांची यादी दोन्ही बाजूंच्या वकिलांकडून आधी मान्य करून घ्यावी. दुभाष्याला एकदा पॅकहाऊसही दाखवून आणावं.

कागदपत्रांना निशाणी क्रमांक, म्हणजे न्यायालयात प्रत्येक कागद ओळखायचे क्रमांक, आदल्या दिवशीच ठरवावेत आणि चार संच छापून ठेवावेत: न्यायालय, साक्षीदार आणि दोन्ही पक्ष. साक्ष संपली की ती परदेशी वकिलाच्या बॅगेतून जात नाही. नियम 22 प्रमाणे ती आधी उच्च न्यायालयाकडे जाते, म्हणजे आम्ही उतरलो तोच घाट चढून संभाजीनगरला, आणि तिथून केंद्र सरकारमार्फत परदेशी न्यायालयाकडे. तोवर हाताशी काहीतरी असावं म्हणून प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.