डीएमएफला रजा, पाण्यात एमओएफ
आजचा दिवस अ‍ॅल्युमिनिअम फ्युमरेटचा. हा एक एमओएफ, म्हणजे धातू आणि सेंद्रिय आम्ल जोडून बनलेला सच्छिद्र पदार्थ. तो डीएमएफशिवाय (डायमिथाइलफॉर्मामाइड, एमओएफ बनवताना नेहमी वापरतात तो द्रावक), साध्या पाण्यात बनतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीत डीएमएफ तापवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डीएमएफ गर्भाला घातक, शिवाय तापल्यावर फुटून त्यातून डायमिथाइलअमाइन निघतं, माशासारखा वास येतो तो त्याचाच. गंमत म्हणजे आम्ल धातूशी जुळावं म्हणून त्यातला प्रोटॉन हेच अमाइन काढून घेतं. पाण्यात ते काम कॉस्टिक सोड्याला द्यायचं.

प्रमाण: अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट (स्फटिकात पाण्याचे १८ रेणू असलेलं) ७ ग्रॅम, ३० मिली डिस्टिल्ड पाण्यात, ६० अंशांवर. दुसरीकडे ३६ मिली पाण्यात २.५ ग्रॅम कॉस्टिक, मग २.४ ग्रॅम फ्युमरिक आम्ल. हे आम्ल नुसत्या पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून कॉस्टिक आधी.

दुसरं द्रावण पहिल्यात अर्ध्या तासात, थेंबाथेंबाने, जोरात ढवळत. इथेच बहुतेकांचं बिघडतं. घाईत ओतलं की थेंब पडतो तिथे पीएच उसळतो आणि अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचा चिकट, अर्धपारदर्शक गोळा होतो. नीट झालं तर ताकासारखं पांढरंशुभ्र दिसतं.

धुणं टाळू नका. सोबत तयार होणारं सोडिअम सल्फेट छिद्रांत अडकलं तर ग्रॅममागे साधारण १००० चौरस मीटरचं क्षेत्रफळ कुठून मिळणार? तीनदा पाण्याने, शेवटी इथेनॉलने. बोअरचं पाणी अजिबात नको, त्याचे क्षार भुकटीतच राहतात. कण बारीक, फिल्टर पेपर तुंबतो, सेंट्रिफ्यूजच बरा. मग १०० अंशांवर रात्रभर वाळवायचं.