दर दोन तासांनी

बाबा गेले याचं दुःख झालंच, पण लिहायला बसलोय ते त्याबद्दल नाही. दुःख ओळखू येतं. रडू येतं, आठवणी येतात, लोकही समजून घेतात. माझ्या बाबतीत त्याच्या आडून आणखी काहीतरी आलं आणि त्याला काय म्हणायचं ते बराच काळ कळलं नाही. हातात वेळ होता, अंगात ताकद होती, डोक्यावर कर्ज नव्हतं. तरी सकाळी डोळे उघडले की प्रश्न पडायचा, हे नेमकं कोण उठलंय?

बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी हिशेब तपासनीस म्हणून नोकरी करत होतो. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता, त्यामुळे उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. कळत बरंच होतं, शब्द फुटत नव्हते. आई आधीच गेलेली, ताई लांब. मी नोकरी सोडली. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो, त्यामुळे ही त्यागाची कहाणी समजून कुणी वाचू नये.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. रात्रीसुद्धा. भरवताना ताठ बसवायचं आणि नंतरही अर्धा तास तसंच ठेवायचं. पातळ पाणी चुकून श्वासनलिकेत जातं, म्हणून तेही दाट करून द्यायचं. माझी एक वही होती, तिचे रकाने पट्टीने आखलेले: वेळ, बीपी, साखर, लघवी, कूस. शेवटच्या रकान्यात डा, उ किंवा पाठ. अशा वह्यांची चळत झाली होती.

शिवाय बाबांच्या वतीने बोलायचो मी. डॉक्टर विचारायचे, ‘काय होतंय?’ बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी सांगायचो. बहुतेक वेळा ते बरोबरच असायचं. चुकलं की डाव्या हाताने ते चादर ओढायचे. त्यांना उजेड नकोय की आवाज नकोय, हे मला भुवईवरून कळायचं. या कामात मी तरबेज झालो होतो आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. आजूबाजूचेही म्हणायचे, ‘असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.’ असं वर्षानुवर्षं कानावर पडलं की माणूस स्वतःला दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखेनासा होतो.

बाबा गेल्यावर सुरुवातीचे दिवस कागदपत्रांत गेले. बँक, दाखले, सह्या. त्यात मी हुशार. ते आटोपलं आणि काहीच उरलं नाही. रात्री एकला, तीनला, पाचला मात्र जाग यायची, गजर न लावता. उठून बसायचो आणि मग लक्षात यायचं की कूस बदलून द्यायला कुणी नाहीये.

मामला गंभीर आहे हे कळलं ते रंगाऱ्यामुळे. ताई म्हणाली, ‘अरे, त्या खोलीला रंग तरी काढून घे.’ रंगारी शेडकार्ड घेऊन आला. ‘साहेब, कुठला देऊ?’ मी पट्ट्या उलटत राहिलो. बाबांना कुठला आवडला असता ते एका नजरेत सांगता आलं असतं. ताईला कुठला चालणार नाही तेही माहीत होतं. मला स्वतःला कुठला हवा? तिथे काहीच नव्हतं. नावड नाही, आवड नाही, नुसता कोरेपणा. रंगारी सभ्य माणूस, बराच वेळ उभा राहिला. शेवटी म्हणाला, ‘घरात विचारून ठेवा, मी उद्या येतो.’ घरात विचारायचं कुणाला? रंगाचं काम पुढे ढकललं.

आधी वाटलं अशक्तपणा असेल. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं. (हे आधी करून घ्यावं या मताचा मी आहे. थायरॉईड कमी असेल तर आत्मशोधाने ते वाढत नाही.) त्यांनीच समुपदेशकाचं नाव सुचवलं.

समुपदेशक बाईंनी पहिल्या काही भेटींत खोदून विचारलं: झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. नैराश्य किती आणि शोक किती याचा त्या अंदाज घेत होत्या. मग एकदा त्यांनी कोरा कागद दिला. वर प्रश्न होता, ‘मी कोण आहे?’ खाली वीस रिकाम्या ओळी. ही चाचणी जुनी आहे, कून आणि मॅकपार्टलंड या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1954 साली मांडलेली. मी भराभर लिहिलं: मुलगा. भाऊ. माजी हिशेब तपासनीस. बाबांची काळजी घेणारा. पुढे पेन थांबलं. बाई म्हणाल्या की बहुतेक लोक आधी नाती आणि हुद्दे लिहितात आणि ते संपले की मग ‘मी चिडका आहे’, ‘मला गर्दी आवडत नाही’ अशा गोष्टींकडे वळतात. माझ्याकडे त्या दुसऱ्या जातीचं एकही वाक्य नव्हतं. उरलेल्या ओळी तशाच ठेवून मी कागद परत केला. त्या म्हणाल्या, ‘राहू द्या तुमच्याकडेच. घाई नाही.’

मी थोडं चेष्टेत म्हटलं की अस्मितेचा पेच वगैरे सोळाव्या वर्षी शोभतो, माझे केस पिकले. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला फार उपयोगी पडलं. ही कल्पना रुजवणारे एरिक एरिक्सन हे पौगंडावस्थेबद्दल लिहिणारे म्हणून प्रसिद्ध असले, तरी हा शब्द त्यांनी आधी वापरला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पुनर्वसन केंद्रात येणाऱ्या सैनिकांसाठी. ती माणसं ढोंग करत नव्हती, भीतीने खचलेलीही नव्हती. कालचा मी आणि आजचा मी एकच, हा धागाच त्यांच्या हातून सुटला होता. हे ऐकलं आणि मी खुर्चीत नीट बसलो. माझं दुखणं कुणीतरी आधीच नोंदवून ठेवलं होतं.

त्यांनी आणखी एक नाव घेतलं, मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया. 1966 साली त्यांनी एरिक्सनच्या विचाराला दोन साधे प्रश्न जोडले: तुम्ही पर्याय धुंडाळलेत का, आणि कशाला बांधून घेतलंत का? न धुंडाळताच बांधून घेणारे लोक पुष्कळ असतात आणि वरून ते अगदी स्थिर दिसतात. मी त्यातला निघालो. हिशेबाच्या क्षेत्रात गेलो ते बाबांनी ठरवलं म्हणून, नोकरी सोडली ती बाबांसाठी. दोन्हींत काही वाईट नव्हतं, पण दोन्ही वेळा मी निवडलं असं काही झालं नव्हतं. आता धुंडाळणं चालू आणि बांधिलकी शून्य अशा टप्प्यावर मी होतो. या टप्प्यात माणूस अस्वस्थ असणारच, ही जणू सुट्टी मंजूर झाल्यासारखी वाटली.

दरम्यान लोकांचे सल्ले चालू होते. ‘जरा फिरून ये.’ फिरून आलो. कोरेपणा सामानाबरोबर गेला आणि परत आला. ‘जुन्या मित्रांना भेट.’ भेटलो. ते ज्या माणसाशी बोलत होते तो झटक्याच्या आधीचा मी होतो, थट्टेखोर, घाईतला. त्याची नक्कल मी संध्याकाळभर केली आणि घरी येऊन आडवा झालो. सापडणं म्हणजे जुन्या जागी परत जाऊन बसणं, असं माझ्याही डोक्यात होतं. ती जागा आता माझ्या मापाची राहिली नव्हती.

आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला सल्ला: ‘तुम्हाला एवढा अनुभव आहे, आजारी माणसांसाठी काहीतरी सुरू करा.’ परिचारकांना शिकवणाऱ्या एका संस्थेकडून रीतसर विचारणाही झाली. मानधन बरं होतं, काम चांगलं होतं, लोकांना कौतुकही वाटलं असतं. मी फोन हातात धरून होतो आणि आतून एकदम स्पष्ट आलं: नको. मला हे परत करायचं नाही. मी बाबांची शुश्रूषा केली, कारण ते बाबा होते. शुश्रूषा ही माझी आवड नाही. फोनवर सभ्यपणे नाही म्हटलं. ताई रागावली, ‘एवढी चांगली संधी!’ आमचं वाजलं, बऱ्याच वर्षांनी. भांडताना कळलं की मला आवाज चढवता येतो आणि तो चढवायला बरंही वाटतं. त्या रात्री कपाटातला कागद काढून पाचवी ओळ लिहिली: ‘मला आजारपणाच्या खोलीत परत जायचं नाही.’ सहावी: ‘मी भांडकुदळ आहे.’ बाई हे वाचून मनापासून हसल्या.

म्हणजे माझ्या बाबतीत आवडीआधी नावडी परत आल्या. बाईंच्या सांगण्यावरून एक सवय लावली: दिवसातून एकदा, कुणालाही गरज नसताना मी काय निवडलं ते लिहायचं. शेवटच्या वहीत पानं उरली होती, रकाने आखलेलेच होते. सुरुवातीला हास्यास्पद नोंदी आहेत. ‘उशीर उठलो, मुद्दाम.’ ‘पुस्तक अर्धवट सोडलं, कंटाळवाणं होतं.’ पण ‘काहीही चालेल’ हे उत्तर तोंडात यायच्या आत थांबायची सवय त्यातूनच लागली.

जाग मात्र जाईना. एक, तीन, पाच. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: भूमिका सोडणाऱ्यांचा अभ्यास करून 1988 साली त्याबद्दल लिहिणाऱ्या हेलन रोझ एबॉ या स्वतः पूर्वाश्रमीच्या ख्रिस्ती नन होत्या, आणि त्यांचं म्हणणं असं की सोडलेली भूमिका पुरती जात नाही, तिचा काही अंश नव्या माणसात शिल्लक राहतोच. मी विचारलं, ‘या जाग येण्याचं काय करू?’ त्या म्हणाल्या, ‘झोपेचे उपाय आहेत, ते करूच. तोवर अंथरुणात तळमळत पडू नका.’ म्हणून मी गच्चीवर जायला लागलो.

एकला पाहिलेला तारा तीनला बराच सरकलेला दिसायचा. आकाश तासाला पंधरा अंश फिरतं हे शाळेत शिकलो होतो. दोन तासांना तीस, हे अंगाला कळलं. मग वाचायला लागलो. ययाति तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याचं तेज साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि काही तासांत पूर्ववत होतं, कारण जोडीचा मंद तारा त्याच्या आड येतो. दुर्बीण लागत नाही. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याचं तेज अंदाजाने लिहायचं. असं मंद होण्याचं कारण ग्रहणासारखं काहीतरी असावं, हे 1783 साली सुचवलं ते जॉन गुडरिक या इंग्लंडमधल्या तरुणाने. त्याला ऐकू येत नव्हतं. बाबांना हे सांगायला मला आवडलं असतं.

वहीत नवे रकाने आखले: वेळ, तारा, तुलनेचे तारे, तेज, ढग. पहिल्यांदा अल्गोलचं तेज खरोखर उतरताना पाहिलं त्या रात्री तीनची नोंद एकच्या नोंदीपेक्षा स्पष्टपणे कमी होती आणि मी गच्चीत एकटाच ‘अरे वा’ म्हणालो, मोठ्याने. हे कुणासाठीच नव्हतं. हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी 1911 पासून गोळा करणारी एक संस्था अमेरिकेत आहे. तिथे मीही पाठवतो, पण पाठवल्या नसत्या तरी लिहिल्या असत्या. रात्री उठणं, न कंटाळता बघणं, बारीक फरक टिपणं, पट्टीने रेघा मारणं, हे सगळं मी बाबांच्या खोलीत शिकलो की मुळात माझ्यात होतं म्हणून ती खोली मला जमली, हे सांगता येणार नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘ठरवायलाच हवं का?’

सगळं छान झालं असं नाही. पावसाळ्यात ढगांमुळे वही बंद पडते आणि जुना कोरेपणा डोकं वर काढतो. कुणी आजारी बापाबद्दल बोलायला लागलं की मी नकळत सल्ले द्यायला लागतो. वीस ओळींतल्या शेवटच्या दोन अजून रिकाम्या आहेत. खोलीला मात्र गडद निळा रंग दिलाय. रंगाऱ्याने दोनदा खात्री करून घेतली, ताईला तो अजिबात आवडलेला नाही.

मध्यंतरी एका छोट्या कार्यालयात अर्धवेळ हिशेबाचं काम धरलं. मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारलं, मी सरळ सांगितलं, पुढचा प्रश्न आला. काम बरं आहे, जीव ओवाळून टाकावा असं नाही आणि तसं असायची मला गरजही वाटत नाही. काही महिन्यांनी साहेबांनी पूर्णवेळ याल का विचारलं. मी म्हटलं, ‘नाही जमणार. रात्री जागावं लागतं.’ ते म्हणाले, ‘घरी कुणी आजारी आहे का?’ ‘नाही,’ मी म्हटलं, ‘तारे बघतो.’ त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि अर्धवेळच कायम केलं.