तेरा माणसं आणि एका घराचं गाव

ट्रेकचं प्लॅनिंग म्हणजे हॉटेल बुक करायचं, गाडी सांगायची आणि व्हॉट्सॲप ग्रुप काढून त्यावर पॅकिंग लिस्ट टाकायची असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि लेह-नुब्रा-पँगाँगच्या गाडीतल्या टूरला ते जवळपास तेवढंच असतंही. पण रात्रीचा मुक्काम गावातल्या लोकांच्या घरात असेल तर काम वेगळंच होऊन बसतं. मी पुण्यातल्या एका छोट्या ट्रेकिंग कंपनीत हेच बघते. रूट, मुक्काम, घोडे, जेवण, आणि कुणाला काही झालं तर बाहेर कुठून काढायचं, हे सगळं माझ्या डोक्याला.

तर मागे जुलैसाठी एक ग्रुप आला. सोसायटीतला मॉर्निंग वॉकचा ग्रुप, तेरा जण, सगळे चाळिशीच्या पुढचे आणि त्यांचे म्होरके काका साठीच्याही पुढचे. दर रविवारी सिंहगड. लडाखची मार्खा व्हॅली करायची, गावातल्या होमस्टेत राहायचं, आणि चालायचे दिवस सहाच हवेत कारण एक दिवस पँगाँगला जायचंय. स्टॅमिना सगळ्यांचा चांगला होता, पण उंचीवर प्रश्न स्टॅमिनाचा नसतोच ना. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. लेहच्या विमानतळावर उतरलात की 3256. म्हणजे एक पाऊलही न चालता तुम्ही जवळपास दोन कळसूबाई एकावर एक चढून बसलेले असता आणि शरीराला त्याची बातमी अजून लागलेलीच नसते, ती लागते रात्री झोपल्यावर. म्हणून 3000 च्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथेच काढायची, हा हिशोब. हे मी काकांना फोनवर सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर आहे गं तुझं, पण मग तो रिकामा दिवस पँगाँगलाच का नको? आता पँगाँगला जायचं तर वाटेत चांग ला (ला म्हणजे खिंड), 5000 च्या वर, दिवसभर गाडीत आदळआपट. म्हणजे आरामाच्या दिवशी आराम सोडून सगळं. मी म्हणलं जून मध्यात मी स्वतः रेकीला, म्हणजे रूट आधी बघून यायला जातेय, आल्यावर बोलू.

रेकीतला रुंबकचा दिवस मला सांगायचाय.

लेहहून जिंगचेनपर्यंत गाडी, तिथून पुढे घळीतून पायी. बरोबर आमचे लडाखी गाईड, त्यांना मी आचोले म्हणते, म्हणजे दादा. रुंबक हेमिस नॅशनल पार्कच्या आत येतं, उंची 4000 च्या आसपास, मोजकीच घरं. हिवाळ्यात हिमबिबट्या बघायला जगभरातून लोक इथे येतात. पण गावाचं आणि बिबट्याचं नातं आधी काही प्रेमाचं नव्हतं. रात्री गोठ्यात शिरला की एक बकरी मारून थांबत नाही, घाबरलेली जनावरं पळायला लागली की तो मारतच सुटतो, सकाळी घरातल्याला अख्खा कळपच आडवा दिसतो. मग लोक चिडून बिबट्या मारणारच की. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सीवाल्यांनी गावाबरोबर बसून दोन गोष्टी केल्या, गोठ्यांवर जाळ्या टाकल्या आणि घराघरात होमस्टे सुरू केले. आणि होमस्टेचा नियम गावाने काय ठेवला तर पाळी. पाहुणा आला की ज्याची पाळी त्याच्या घरी. तुम्ही कुणाला ओळखता, कुणाचं घर फोटोत छान दिसतं, याला अर्थ नाही.

माझी अडचण नेमकी इथे होती. काकांनी कुणाच्या तरी फोटोत एक घर बघितलेलं, मोठ्या काचांची खोली, बाहेर बर्फाचे डोंगर, आणि तेराच्या तेरा जणांना तेच हवं होतं. "आम्ही सगळे एकत्रच राहणार, तीच तर मजा आहे."

त्या दिवशी ज्या आमालेंची पाळी होती (आमा म्हणजे आई, ले म्हणजे आपल्याकडचं जी) त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. मधे बुखारी, म्हणजे लोखंडी शेगडी, भिंतीवर फळ्यांवर ओळीने पितळी तांब्याची भांडी, समोर चोग्त्से, म्हणजे बुटकं टेबल, आणि त्यावर मिठाचा लोण्याचा गुरगुर चहा, जो एक घोट प्यायलात की कप परत भरला जातो, म्हणून मी तो शेवटपर्यंत तसाच धरून ठेवते. मी लॅपटॉप उघडला, एक्सेल शीट, पहिली रात्र रुंबक, दुसरी युरुत्से, मग गांडा ला. आमालेंनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, किती जण? तेरा. वय? सांगितलं. बायका किती? सात. मग हिंदीत म्हणाल्या, युरुत्से में एक ही घर है, पता है ना?

पता था. युरुत्से खरंच एका घराचं गाव आहे. रुंबकहून दीडेक तास वर, तिथून गांडा ला जवळ पडतो म्हणून सगळेच तिथे थांबायला बघतात. जुलैत त्या घरात आधीच कुणी उतरलेलं असलं तर तेरा माणसांना बाहेर तंबू, आणि ते रुंबकपेक्षाही उंचावर. म्हणूनच माझ्या शीटमध्ये त्या ओळीपुढे लाल रंगात प्रश्नचिन्ह होतं.

आमालेंचं म्हणणं सरळ होतं. दोन्ही रात्री इथेच रहा. तिघींची घरं, पाळीने पुढच्या आम्ही तिघी आहोत, पाच-चार-चार. मधल्या दिवशी स्टोक लाच्या बाजूला थोडं वर चढा, दुपारी जेवायला खाली या. तिसऱ्या दिवशी पहाटे निघा. आणि कुणाचं डोकं दुखलं तर इथून जिंगचेन उतारच आहे, गाडी मिळते. युरुत्सेहून पेशंट आणायचा तर आधी इथेच येणार ना तुम्ही?

याची किंमत होती, नव्हती असं नाही. युरुत्से गाळलं की तिसरा दिवस लांबतो, रुंबक ते गांडा ला, 4900 च्या वर, आणि पलीकडे शिंगोपर्यंत उतार, या वयाच्या लोकांना आठ तास तरी. आचोले म्हणाले पाचला निघालो तर जमेल, आणि शिंगोला घरं दोन-तीनच, तेव्हा अर्ध्यांना तंबू पक्का धरा. मी घोड्यांचा हिशोब परत मांडला, एका घोड्याला साधारण 40 किलो, तंबू वाढले म्हणजे दोन घोडे वाढले, आणि जुलैत घोडेवाले मिळवायचे म्हणजे एक वेगळाच ताप.

मग आमालेंनी खऱ्या विषयाला हात घातला. संडास. लडाखी संडास कोरडा असतो, वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, काम झालं की फावड्याने माती-राख टाकायची, खाली खत तयार होतं आणि वसंतात ते शेतात जातं. त्यात पाणी गेलं की खत नासतं, वास सुटतो, वर्षभराची मेहनत गेली. आणि आपली माणसं? पाण्याशिवाय आपलं पानच हलत नाही. मागच्या कुठल्या तरी ग्रुपने बादल्या ओतल्या होत्या, ते त्या अजून विसरल्या नव्हत्या. मी म्हणलं मी समजावून सांगेन. त्या म्हणाल्या समजावून सगळेच सांगतात. शेवटी ठरलं की घराच्या मागे कडेला एक आडोसा करायचा, धुणं तिथे, संडासात टिश्यू, आणि वेट वाइप्स ज्याचे त्याने पिशवीत घालून लेहला परत न्यायचे. हे मी प्लॅनमध्ये पहिल्या पानावर टाकलं, परमिटच्याही वर. हसू नका, अशा ट्रेकमध्ये सगळ्यात जास्त भांडणं याच विषयावरून होतात.

दुसरा विषय जेवण. दोघी कांदा-लसूण न खाणाऱ्या, आणि मधल्या दिवशी नेमकी आषाढी एकादशी येत होती, म्हणजे सात जण उपाशी. आमालेंना उपवास समजावताना माझी वाट लागली. बटाटा चालतो, भात नाही, शेंगदाणा चालतो, डाळ नाही, दूध चालतं. त्या म्हणाल्या हा कसला उपास, हे तर माझ्या रोजच्यापेक्षा जास्त झालं! साबुदाणा, वरई आणि दाण्याचं कूट पुण्याहून आणायचं ठरलं. आणि कुकर, कारण त्या उंचीला पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं, वरई असो की वरण, नुसत्या पातेल्यात कितीही रटरटू दे, गॅस संपेल पण ते दाताखाली लागतंच.

मी जाता जाता काचवाल्या घराचं विचारून बघितलं. अगदी सहज, जास्त पैसे देतो म्हणून. आचोल्यांनी ते भाषांतरच केलं नाही. आमालेंना हिंदी कळत होतं, त्यांनी बाहेर बोट दाखवलं, बार्लीच्या शेतात एक जण पाण्याचा दगड हलवत होता. कालव्याचं पाणी आज कुणाच्या शेतात ते गावाने नेमलेला छुरपोन ठरवतो, आपल्याकडे कॅनॉलला पाळी असते तसंच. त्या म्हणाल्या, पानी भी बारी से, मेहमान भी बारी से. विषय संपला.

संध्याकाळी लेहला पोचून काकांना व्हिडिओ कॉल लावला. रुंबकला नेटवर्कची आशा नव्हती, आणि लेहमध्येही बाहेरचं प्रीपेड चालत नाही हे ग्रुपला आठवणीने सांगावं लागतं, नाहीतर तिकडे घरचे पोलिसांत जातात. मी सांगितलं, चालायचे दिवस सहाचे सात, त्याआधी लेहला दोन रात्री पूर्ण आराम, रुंबकला दोन रात्री, तीन वेगवेगळी घरं, पँगाँग नाही. काका चिडले. तू आमच्याकडून पैसे घेतेस की त्यांच्याकडून असंही म्हणाले. मी म्हणलं काका, पँगाँग ट्रेकनंतर करा, मी गाडी देते, तेव्हा तुम्हाला त्रासही होणार नाही, पण ट्रेकच्या आधी मी सही करणार नाही, हवं तर पैसे परत घ्या. माझे बॉस नंतर यावर माझ्याशी बोलले, ते इथे नको. दोन दिवसांनी काकांचा एका शब्दाचा मेसेज आला, ओके.

जुलैत रुंबकला पहिल्या रात्री एका काकूंचं डोकं धरलं. आमचा एक साधा तक्ता असतो, डोकेदुखी, पोट, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन, डोकं दुखत असेल आणि बेरीज तीन किंवा वर गेली की पुढे चढायचं नाही, ऑक्सिमीटरचा आकडा काही म्हणू दे. काकू रात्री तीन होत्या, सकाळी उलटी होऊन सहा. चालता नीट येत होतं, श्वास ठीक होता, म्हणून घोड्यावर बसवून असिस्टंट गाईडबरोबर जिंगचेनला उतरवलं, दुपारी लेहच्या हॉस्पिटलमध्ये तपासून घेतलं, संध्याकाळी त्या हॉटेलवर वरणभात खात होत्या. इकडे मागे राहिलेल्यांनी साबुदाण्याची खिचडी आमालेंच्या बुखारीशेजारी बसून खाल्ली, आमालेंनी पण खाल्ली, त्यांना दाण्याचं कूट आवडलं, साबुदाणा नाही.

काकूंचा ट्रेक मात्र संपला नाही. चिलिंगच्या बाजूने गाडीरस्ता आता व्हॅलीत शिरलाय. पूर्वी तिथे झंस्कार नदी ट्रॉलीत बसून ओलांडायला लागायची. त्या रस्त्यामुळे ट्रेकची मजा गेली अशी माझी स्वतःची कुरकुर असते, पण लेहला दोन रात्री काढून डोकं पूर्ण थांबल्यावर त्याच रस्त्याने काकू चौथ्या दिवशी स्क्यूला गाडीने आल्या. स्क्यू लेहपेक्षा जरा खालीच आहे. तिथून ग्रुपबरोबर मार्खा गावापर्यंत चालल्या आणि मग मागे फिरल्या. पुढे हांकर, निमालिंग आणि 5200 चा कोंगमारू ला त्यांना मी नाही म्हणलं, त्यांनीही हट्ट केला नाही.

बाकीचे बाराही पलीकडे उतरले. तीन घरांचे पैसे तीन वेगळ्या पाकिटांत द्यायचे ही आमालेंची अट होती, एकीलाच जीपे करून टाका असं चालत नाही, तेही पाळलं. ग्रुपने तिन्ही घरांचे फोटो टाकले, आणि आता त्यातलं सगळ्यात जुनं, ठेंगण्या दाराचं घर हवं म्हणून दुसऱ्या एका ग्रुपचा फोन आलाय. त्यांना मी कोटेशनमध्ये फक्त गावाचं नाव लिहून पाठवलंय.