कोजागिरीच्या दुधाआधी

२०२४ ची गोष्ट. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ मित्राकडे कोजागिरी होती. दूध आटेपर्यंत वाद पेटला: ५ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत कमला हॅरिसचा डेमोक्रॅटिक पक्ष जिंकणार का? ४० वर्षं इथे काढलेले काका ठामपणे म्हणाले, "कमलाच येणार. देशभरात त्यांनाच जास्त मतं पडणार बघ."

माझं उत्तर: मला हे पटत नाही, काका. २०१६ मध्ये हिलरींना ट्रम्पपेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त होती, तरी त्या हरल्या. आपलं पेनसिल्व्हेनिया तेव्हा जेमतेम ४४ हजारांनी ट्रम्पकडे गेलं, २०२० मध्ये बायडननी ८० हजारांनी परत आणलं. एवढ्याशा फरकावर यंदा १९ इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, राज्यांना वाटून दिलेली मतं)! हक्काची राज्यं धरून पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाचं एक मत मिळालं, तर बरोबर २७०, म्हणजे जिंकायला लागतात तेवढीच. एकही जास्त नाही. शिवाय किराणा किती महागलाय! लोक तो राग मतपेटीत काढतील, ही धाकधूक मला खरंच आहे.

मग कळलं, उन्हाळ्यात नागरिकत्व मिळालेल्या वहिनींनी मतदार नोंदणीच केलेली नाही. शेवटची तारीख सोमवार, २१ ऑक्टोबर! वाद तिथेच सोडला, लॅपटॉप उघडला. दूध गार झालं, पण फॉर्म भरून झाला.