आमची वाटचाल : उंच रोपांपासून निबर रोपांपर्यंत

रोपवाटिका सुरू केली तेव्हा गिऱ्हाईक ट्रे उचलून आधी उंची बघायचं. लुसलुशीत, लांबसडक रोपं पटापट जायची. बुटकी, निबर रोपं मागे राहायची. मग आठवडाभरात फोन : ‘रोपांनी माना टाकल्या.’ हे फोन घेता घेताच आमच्या धंद्याची घडी बसली.

रोप लांबलं की बहुतेक जण खत विचारतात. खताने ते आणखी लांबतं. उजेड कमी, गर्दी जास्त, त्यात ऊब, म्हणून ते उजेडाकडे धावत असतं. ट्रे उजेडात आणायचे, एकमेकांपासून सरकवायचे आणि पाणी आवरतं घ्यायचं. पिवळेपणाचंही तसंच. आम्ही आधी कोकोपीट, म्हणजे ट्रेमध्ये भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, चिमटीत दाबून बघतो. पाणी ठिबकलं तर मुळं गुदमरली आहेत, अशा वेळी १९:१९:१९ हे विद्राव्य खत दिलं काय नि न दिलं काय. टोमॅटोच्या पानाखाली जांभळी झाक दिसली आणि हवा थंड असली, तर मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नसतं. ऊब आली की रंग बहुधा आपोआप सुधारतो.

मर हा बुरशीचा रोग मात्र वेगळा. खोड कोकोपीटलगत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि रोप आडवं पडतं. ते पुन्हा उभं राहत नाही. आजूबाजूच्या कप्प्यांसकट काढून टाकायचं, हवा खेळती ठेवायची, पाणी सकाळीच द्यायचं. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी ट्रे भरतानाच कोकोपीटमध्ये मिसळलेली बरी. मर लागल्यावरची धावपळ फारशी कामाची नाही.

आता गिऱ्हाईक आलं की आम्ही एक रोप गड्डीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या कोकोपीटच्या गोळ्यासकट, उपसून दाखवतो. पांढरी मुळं गड्डीभर विणलेली हवीत. तपकिरी मुळांचा गोल वेटोळा दिसला, तर रोप ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलंय असं समजावं. उंची आता कुणी विचारत नाही, निदान दुसऱ्यांदा येणारे तरी.

शेवटचे ७ ते १० दिवस रोपं कणखर करण्याचे. सावलीची जाळी टप्प्याटप्प्याने काढतो, पाण्यातलं अंतर वाढवतो, नत्र (नायट्रोजन) देणं थांबवतो. याच दिवसांत गिऱ्हाईक घाई करतं. आम्ही रोप देत नाही. त्यावरून काही जण दुसरीकडे गेले, जाऊ देत.

रोपांसोबत आम्ही लावणीही समजावून देतो. ऊन कलल्यावर लावा. आधी ट्रे भिजवा, कप्पा खालून दाबून गड्डी सोडवा, रोप धरायचंच तर पानाला धरा. पान गेलं तर नवं येतं, खोड चेपलं तर रोप गेलं. गड्डीवर मातीचा पातळ थर हवाच. उघडं कोकोपीट वाऱ्याने सुकतं आणि भोवतीची ओलही ओढून घेतं. लांबलेला टोमॅटो खालची पानं काढून खोल लावला तरी चालतो, त्याच्या खोडाला मुळं फुटतात. मिरचीला हा उपाय नको, ती ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर लावावी. काकडी, दोडका, कारलं यांची मुळं हलवलेली सोसत नाहीत, म्हणून ती बीजदलांनंतरच्या दोन खऱ्या पानांवरच, साधारण १२ ते १५ दिवसांची असताना देतो.

लावताच पाणी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे दुसरं हलकं पाणी. नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला त्याच लॉटमधली थोडी जादा रोपं आम्ही सोबत देतो. उशिराच्या लॉटमधलं रोप शेजारच्यांच्या सावलीत मागेच राहतं.