सायबाची वारी आणि माझा सातबारा

नोव्हेंबर संपत आला की सावंतवाडीकडून जुन्या गोव्याला चालत जाणारे जथे रस्त्याला लागतात. सेंट फ्रान्सिस झेवियर, आमचा 'सायब', त्याचं फेस्त म्हणजे सण ३ डिसेंबरला. त्याआधीच्या नोव्हेनाचे, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, शेवटचे दिवस धरून निघायचं आणि फेस्ताच्या मिस्सेला, म्हणजे मुख्य उपासनेला, बासिलिका या तिथल्या मोठ्या चर्चच्या पटांगणात हजर व्हायचं. आम्ही पदयात्रा म्हणतो. शेजारच्या काकू माळकरी, आषाढीला पंढरपूर चुकवत नाहीत. त्या विचारतात, "काय गे, यंदा सायबाची वारी कधी?" मलाही तेच नाव आवडतं.

मी नर्स आहे, उत्तर गोव्यातल्या बारदेश तालुक्यातल्या एका इस्पितळात. नोकरीमुळे तिथल्याच फ्रान्सिस्कन बंधुसंघाशी माझा संबंध आला. हा फ्रान्सिस वेगळा बरं का, असिसीचा. झेवियर गेले १५५२ मध्ये, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, आणि ते जेझुइट, म्हणजे येशूसंघ या वेगळ्याच संघाचे. असिसीचा फ्रान्सिस १२२६ मध्ये गेला, झेवियर जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. गावात दोघांची गल्लत होते आणि मला ऐकवलं जातं, "तू तर सायबाच्याच संघात, तुला कसले पाय दुखतात!"

असिसीच्या फ्रान्सिसने आधी फ्रायरांचा, म्हणजे संसार सोडलेल्या बंधूंचा संघ काढला, मग मठात राहणाऱ्या संत क्लाराच्या बहिणी आल्या. तिसरा संघ आमच्यासारख्यांचा: नवरा, मुलं, नोकरी, घर, कर्ज सगळं सांभाळून राहणाऱ्यांचा. झगा नाही, मठ नाही. गळ्यात 'ताव' नावाचा T आकाराचा लाकडी क्रूस, सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, महिन्याची सभा, आणि शुभवर्तमान वाचून ते घरात-नोकरीत उतरवायचा खटाटोप. सध्याचा नियम पोप सहावे पॉल यांनी १९७८ मध्ये दिला. त्याआधीचे नियम होते, त्यांतला सगळ्यात जुना १२२१ चा. तेव्हा या लोकांना प्रायश्चित्ताचे भाऊ-बहिणी म्हणत.

माझं संघातलं उमेदवारीचं वर्ष चालू होतं, नियम पाळायचं वचन द्यायचं बाकी होतं. त्या वर्षी जुन्या नियमाची ओळख करून देतात. मला वाटलं होतं उपास, जागरण, पाठीवर फटके असलं काही असेल. उपास होते, पण माझी नजर अडकली दुसरीकडेच. शेजाऱ्याशी भांडण असेल तर मिटवा. दुसऱ्याचं काही तुमच्याकडे असेल तर परत करा. जीव घेणारी शस्त्रं बाळगू नका. आणि वचन दिल्यापासून तीन महिन्यांत मृत्युपत्र करा. आठशे वर्षांपूर्वीच्या इटलीत कुणीतरी बसून हे लिहिलं, आणि वाचताना मला आमच्या तलाठ्याचं ऑफिस दिसत होतं.

कारण घरात तोच विषय होता. बाबा गेले, त्याआधी आई. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर दादाचं आणि माझं नाव चढलं. ख्रिस्ती माणसाला वारसाचा कायदा १९२५ चा, त्यात मुलगा-मुलगी समान. पण कायदा वाचून कोण चालतं? पद्धत अशी की बहिणीने दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने तिला साडी घ्यायची, आणि येताना सगळ्यांनी हॉटेलात जेवायचं. दादाची घाईही खोटी नव्हती. घराचं छप्पर गळत होतं आणि दुरुस्तीच्या कर्जाला बँक सगळ्यांच्या सह्या मागत होती. घर, खळं, आणि वरच्या अंगाला काजूचा उतार, असं सगळं मिळून त्याला सोडून हवं होतं.

आता मृत्युपत्र करायचं, तर माझं काय आहे आणि काय नाही ते आधी ठरायला हवं ना?

अशा मनाने मी चालायला लागले, आणि दादा आमच्या जथ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. टेम्पोत सायबाची मूर्ती, झेंडूच्या माळा, लाऊडस्पीकर, पाण्याचे बॅरल आणि सगळ्यांच्या पिशव्या. म्हणजे वाटेत जिथे जिथे पाणी प्यायचं, तिथे समोर तो.

सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चकडून काळोखातच निघालो. इन्सुलीचा घाट उतरेपर्यंत गारवा असतो, रोजरीची जपमाळ एका लयीत चालते, पुढची बाजू अर्धी 'नमो मारिये' म्हणते, मागची उरलेली. बांद्याला चहा. तिथे दादाने बिस्किटाचा पुडा फोडता फोडता सगळ्यांसमोर मला टोला दिला: "तुझ्या फ्रान्सिसाने तर अंगावरचे कपडे काढून बापाला परत दिले म्हणे. तुझ्याच्याने चार गुंठे सुटत नाहीत!"

सगळे हसले. मीही हसले, कारण टोला चांगला होता. फादरांच्या एखाद्या प्रवचनात ऐकलेलं त्याच्या बरोबर लक्षात राहिलं होतं. पण पत्रादेवीची हद्द ओलांडून, हुतात्मा स्मारकापाशी सावलीला टेकून, पेडण्याच्या लाल धुळीत उतरेपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत होतं.

प्रार्थनेबद्दल खरं सांगायचं तर चालताना फार होत नाही. सकाळची स्तोत्रं मी मोबाईलवर वाचते, संध्याकाळची झोपेत जाता जाता. मधला दिवस लाऊडस्पीकर खातो. एकच गाणं तीनदा लावलं की माझ्या मनात सायबाविषयी नको ते विचार येतात. तप म्हणून कुणी मला विचारलं तर मी पायांच्या आधी त्या कर्ण्याचं नाव घेईन. पायांचं दुखणं आपण होऊन पत्करलेलं असतं, त्यात थोडी मिरवायची सोयही असते. जे आपण निवडलेलं नाही, दुसऱ्याने लावलं आहे आणि आपल्याला बंद करता येत नाही, ते हसून सोसायला जास्त लागतं. असिसीच्या त्या माणसाला हे पक्कं ठाऊक असणार, त्याच्या फ्रायरांची भांडणं त्याला शेवटपर्यंत पुरली.

मुक्कामाच्या हॉलमध्ये माझी ड्युटी सुरू होते. नर्स म्हटल्यावर सगळे पाय माझ्यापुढे. फोड, लचक, मांड्या घासलेल्या, एकाची साखर उतरलेली. सगळ्यांचं झाल्यावर कळलं की माझ्याच टाचेला मोठा फोड आलाय. वहिनीने पाहिलं. काही न विचारता खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला. सुई मेणबत्तीवर तापवून निववली, तिच्यात पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढला आणि दोरा आतच ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. आमच्या इस्पितळात असं कुणी केलं तर मी ओरडले असते, आत दोरा ठेवणं म्हणजे जंतूंना वाट. पण तिथे मी गप्प बसले. मग तिने पिशवीतून मुठेलाचा गोळा काढला, कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल, ज्योतीजवळ धरून बोटावर मऊ केलं आणि टाचेच्या भेगांत भरलं, फोड सोडून. पाय परत खाली ठेवताना हळूच म्हणाली, "सही कर म्हणान नाय हां सांगत मी. छप्पर मात्र खरंच गळता."

माझ्या नोकरीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या अंगाला हात लावते. माझ्या पायाला कुणी हात लावून कित्येक वर्षं झाली होती. मला फार अवघडल्यासारखं झालं, आणि ते तसंच सोसावं असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल ओलांडला की बारदेश लागतो. पोर्तुगीज अमदानीत साष्टी तालुक्यातलं धर्मकार्य जेझुइटांकडे होतं आणि बारदेशातलं फ्रान्सिस्कनांकडे. त्यामुळे जेझुइट संताच्या दर्शनाला जाताना आम्ही खरं तर दुसऱ्या फ्रान्सिसच्या मुलखातून चालत असतो, आणि जथ्यातल्या कुणाला त्याचं काही नसतं. कोलवाळचं चर्चच असिसीच्या फ्रान्सिसचं, १५९१ चं. तिथे मी पाच मिनिटं थांबले आणि दादाच्या टोल्याचं उत्तर मला सापडलं.

फ्रान्सिसने बापाला काय परत दिलं? बापाचंच. बाप पिएत्रो बेर्नार्दोने कापडाचा व्यापारी. पोराने दुकानातलं कापड विकलं आणि ते पैसे सान दामियानोचं पडकं चर्च दुरुस्त करायला द्यायला निघाला. १२०६ साली बिशपांसमोर जी सुनावणी झाली, ती त्या पैशांवरून. त्याने पैसे बापापुढे ठेवले आणि वर कपडेही उतरवून दिले, कारण तेही बापाच्याच पैशांचे. जुन्या नियमातलं "दुसऱ्याचं परत करा" ते हेच. माझ्या हातातला काजूचा उतार दादाचा नाही. मग परत कोणाला करू?

पण एवढ्याने मन भरेना, कारण हे वकिलाचं उत्तर झालं. म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीपुढे, म्हणजे मारियेपुढे, मेणबत्ती लावताना मला आमच्या तिसऱ्या संघाची पाठीराखी आठवली, हंगेरीची एलिझाबेथ. राजाची मुलगी, विसाव्या वर्षी विधवा, पदरात तीन मुलं. सासरच्यांशी तिचा तंटा झाला तो तिच्या वाट्यावरूनच. ती "नको मला काही" म्हणून निघून गेली असती तर सगळे खूश झाले असते आणि तिला संत म्हणणंही सोपं झालं असतं. तिने वाट्याचा मोबदला पदरात घेतला, २००० मार्क चांदी. त्यातला मोठा भाग गरिबांना वाटला आणि मारबुर्गला इस्पितळ उभारलं, १२२८ मध्ये, असिसीच्या फ्रान्सिसच्या नावाने. तिथे ती स्वतः रोग्यांचं अंग पुसायची. १२३१ मध्ये गेली, अवघी चोवीस वर्षांची.

बहिणींच्या हक्कसोडीला आपल्याकडे 'मोठं मन' म्हणतात. माझं मत असं झालंय की त्यात मनापेक्षा माहेरचं दार बंद होईल ही भीती जास्त असते. भीतीपोटी सोडलेल्याला दान कसं म्हणायचं? आणि घट्ट धरून बसले तर मी फ्रान्सिस्कन कशाची? आमचा आताचा नियम सांगतो की जे हातात आलंय त्याचे आपण विश्वस्त, देवाच्या लेकरांसाठी. विश्वस्ताला आधी कागद नीट ठेवावे लागतात. मृत्युपत्रही त्यातच आलं.

पर्वरीचा रस्ता नको तितका रुंद झालाय, सावलीला झाड नाही. मांडवीचा पूल, पणजी, मग रायबंदरचा तो जुना बांध, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. तिथे वारा लागला की जथ्याला पुन्हा कंठ फुटतो. लोक दारात केळी, लिंबू सरबत घेऊन उभे असतात, हिंदू घरंही. नको म्हटलेलं त्यांना आवडत नाही.

जुन्या गोव्यात सगळे थेट बासिलिकेच्या रांगेत गेले. मी लंगडत रस्ता ओलांडून से कॅथेड्रलच्या मागच्या असिसीच्या फ्रान्सिसच्या चर्चमध्ये गेले. फ्रान्सिस्कन गोव्यात आले १५१७ मध्ये, आताची इमारत १६६१ ची. १८३५ पर्यंत फ्रायर गेले, मठात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. आत फारसं कुणी नव्हतं. मुख्य वेदीवर फ्रान्सिस क्रुसावरच्या येशूला मिठी मारून उभा आहे आणि खाली त्याची तीन व्रतं: गरिबी, नम्रता, आज्ञापालन. आणि जमीन? सगळी थडग्यांच्या दगडांनी भरलेली, त्यांवर मोठमोठ्या घराण्यांची कोरलेली चिन्हं. गरिबीच्या व्रतासमोर बड्या लोकांनी आपापला सातबारा दगडात कोरून ठेवला होता आणि लोकांच्या चपलांनी त्यावरची नावं पुसत आणली होती. मला हसू आलं. तिथेच बसून संध्याकाळची प्रार्थना म्हटली. त्या वाटेवरची ती एकच प्रार्थना मला धड करता आली, कर्णा ऐकू न येता.

फेस्ताची मिस्सा झाली. जत्रेत वहिनीने काडियो-बोडियो, म्हणजे गोड काड्या घेतल्या, पोरांनी खाजं. परतीला मी मुद्दाम टेम्पोत पुढे बसले, दादाच्या शेजारी. स्पीकर बंद होता, मूर्ती मागे चादरीत गुंडाळलेली.

म्हटलं, "घर आणि खळं तुझं. त्याचं हक्कसोडपत्र करते, पुढच्या आठवड्यात रजा टाकते. काजूचा उतार राहू दे दोघांच्या नावावर."

दादा गिअर बदलत म्हणाला, "तू काय काजू काढायला येणार?"

"काजू तूच काढ, मजुरी कापून घे. माझ्या वाट्याचे पैसे मेमध्ये माझ्या हातात दे. बंधुसंघाकडून आम्ही डायलिसिसच्या पेशंटांना गाडीभाडं देतो, त्यात जातील. माझ्यामागे तो वाटा कोणाचा, तेही लिहून ठेवणार आहे."

"कोणाचा?"

"ते वाचशील तेव्हा."

बराच वेळ तो काही बोलला नाही. म्हापसा मागे पडलं. मग म्हणाला, "गवे येतात वरच्या अंगाला. कुंपण घालायचंय. नाव ठेवणार असशील तर कुंपणाचा अर्धा खर्च तुझा."

"किती?"

त्याने सांगितलेला आकडा जास्त होता. मी तारेचा भाव विचारला. मागून वहिनी ओरडली की बांद्याचा दुकानदार स्वस्त देतो, आणि पत्रादेवी येईपर्यंत आम्ही तिघं सिमेंटचे खांब घ्यावेत की लाकडाचे, यावर वाद घालत होतो.