ईएसआय सुटलं आणि मेडिकलवर अडलो

२०२५ च्या जूनमध्ये माझा पगार २१,००० च्या वर गेला. घरी पेढे आले, आणि दुसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडम म्हणाल्या, आता तुमचं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, बंद होणार. कंपनी महाप्याला, घर कळव्यात. पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास कापले जायचे, ३.२५ टक्के कंपनी भरायची. तेवढ्यात आईसकट सगळं घर सांभाळलं जायचं.

मग खासगी आरोग्य विमा बघितला. जुलैत चौघांच्या पॉलिसीचा वर्षाचा आकडा आला: १८,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण २१,२४०. हेसुद्धा मूळ विमा फक्त ३ लाखांचा ठेवून, वर १० लाखांचा सुपर टॉप-अप (ठरलेल्या रकमेच्या वरचं बिल भरणारा जोडविमा) जोडल्यावर. सुपर टॉप-अपच घ्या. त्यात वर्षभराची बिलं एकत्र धरतात, साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक आजारपण वेगळं मोजतात.

अडलं ते मेडिकल तपासणीवर. मला बीपीची गोळी चालू आहे. एजंट म्हणाला, "नाही लिहा, हप्ता कमी बसेल." मी खरं तेच लिहिलं. उद्या क्लेम नाकारला तर तो एजंट थोडाच बिल भरणार? मग नौपाड्यातल्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं, ईसीजी काढला. त्यानंतर १९ दिवस काहीच नाही. लॅब म्हणे रिपोर्ट पाठवले, कस्टमर केअर म्हणे मिळालेच नाहीत. दर वेळी नवा माणूस, पुन्हा प्रपोजल नंबर, पुन्हा जन्मतारीख. जेवणाच्या सुट्टीत डबा समोर आणि फोन कानाला. रात्री झोप लागेना, मुलांना साधा ताप आला तरी पोटात गोळा यायचा. शेवटी लॅबमधून स्वतःची प्रत घेतली, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने पाठवली आणि लिहिलं, उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर जाईन. तिसऱ्या दिवशी पॉलिसी आली. रिपोर्टची प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्या.

तोवर २२ सप्टेंबर उलटला होता आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला होता. बीपीमुळे १० टक्के लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लागलं, तरी १९,८०० च झाले.

एक गोष्ट मला उशिरा कळली. पगार मध्येच वाढला तरी ईएसआयची कपात ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहते, आणि तिच्यावरचे उपचार पुढच्या जूनपर्यंत मिळतात. हे एचआरने तेव्हाच सांगितलं असतं तर त्या रात्री तरी शांत गेल्या असत्या.

आई ७२ वर्षांची. तिला फ्लोटरमध्ये, म्हणजे आमच्या एकत्र पॉलिसीत, घेतलं असतं तर तिच्या वयावर सगळ्यांचा हप्ता चढला असता. तिचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. सत्तरीपुढच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, उत्पन्नाची अट नाही. आता पगार झाला की १,६५० रुपये पुढच्या हप्त्यासाठी वेगळ्या खात्यात टाकतो.